माईला दिली

चुडेला आम्ही सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सत्कारासाठी बोलावलं. म्हणजे त्याला तसं सांगितलं. सत्कार करायचा माझा काडीचाही विचार नव्हता, आणि हे मी देवळात बसून, व्यासपीठासमोर हात जोडून, भागवत ऐकता ऐकता ठरवलं होतं. देवानं ऐकलं असणार. त्यानं नको म्हटलं नाही.

चुडे म्हणजे चूडामणि भुर्तेल. पुस्तकावर नुसतं ‘मणी’ छापलंय. इथल्या लोकांच्या जिभेला आख्खं नाव झेपत नाही म्हणे. नेपाळातल्या बेलडांगीच्या छावणीत त्याची झोपडी आमच्या झोपडीला लागून होती. मधे बांबूचा एकच कूड, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी शिंकलं की आमच्याकडे ‘जीव रे’ म्हणायचे. त्याची आई छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली, म्हणून चुडे वाढला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या चुलीपाशी. नैनकला तिचं नाव. तिला तो ठुलीआमा म्हणायचा आणि मला सानीमा. मोठी आई आणि धाकटी आई. एवढ्या आया लाभलेलं पोर मोठं होऊन लेखक झालं, आणि त्यानं पहिली कादंबरी लिहिली ती आमच्यावरच.

ती आली तेव्हा अमेरिकेत, ॲक्रनच्या आमच्या वस्तीत नुसता उत्सव होता. भूतानमधून हाकललेल्या माणसांवर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक! वाण्याच्या दुकानात ते मसूरडाळीशेजारी ठेवलं होतं. मी एक आणलं, देवळात नेलं, देवापुढे ठेवून त्याला टीका लावली. पुस्तकवाल्यांना टीका म्हटलं की धडकी भरते, असं ऐकलंय. आमच्याकडे टीका म्हणजे दह्यात तांदूळ आणि लाल अबीर कालवून कपाळावर थापलेला आशीर्वाद. थोरल्यांनी धाकट्यांना लावायचा.

इंग्रजी मला कामापुरतं येतं, दीदीला तेवढंही नाही. म्हणून रविवारी देवळातून आलं की दीदीच्या स्वयंपाकघरात वाचन चालायचं. दीदीची लेक इंदिरा छावणीतच जन्मलेली, आता इथल्या इस्पितळात कामाला आहे. ती इंग्रजीत वाचायची आणि आमच्या बोलीत सांगायची. दीदी मुढा विणत बसायची. बांबूचं विणलेलं बसकं आसन असतं ना, ते. डाव्या हाताची दोन बोटं जुळलेली असूनही तिच्याइतका घट्ट मुढा कुणाला विणता येत नाही. छावणीत पेजेचं भांडं उलटलं होतं तेव्हा ती बोटं तशी झाली.

“पुढे?” दीदी विचारायची.

“पुढे सगळे रडतात,” इंदिरा म्हणायची.

“मघाशीही रडतच होते ना?”

“मघाशी पावसात रडत होते. आता धुक्यात.”

“जेवतात कधी गं ही माणसं?”

“जेवत नाहीत, आई. ताटाकडे बघतात.”

आम्ही हसायचो, पण माझं मन आत कुठंतरी खट्टू होत चाललं होतं. छावणीत काय कमी हसलो का आम्ही? पंडिताची शेळी चोरून मतं मागायला निघाल्यासारखी घरोघर फिरवली होती, ते नाही. तीजेच्या सणाच्या गाण्यांत बायकांनी सासवांची नावं घालून घालून गायली, ते नाही. टंकनाथ बाजे प्लास्टिकच्या छताखाली पुराण गायचे आणि पावसाचा आवाज वाढला की तेही आवाज चढवायचे, शेवटी पाऊसच दमायचा. तेही नाही. आमच्यात वडीलधाऱ्या ब्राह्मणाला बाजे म्हणतात, आणि हे बाजे इतकं गोड गातात की त्यांच्या तोंडून नरकाचं वर्णनसुद्धा संपू नये वाटतं. त्या आवाजावर आख्खी छावणी जगली. पुस्तकात त्यांचा खोकलासुद्धा नाही. सगळी माणसं राखाडी. तरी मी म्हटलं, जाऊ दे, पोराचा पहिलाच घास आहे, सांडणारच.

मग ते प्रकरण आलं.

इंदिरा वाचता वाचता थांबली.

“काय झालं?”

“काही नाही. पान चिकटलंय.”

“कोऱ्या पुस्तकाचं?” दीदी म्हणाली. “वाच.”

इंदिरानं सांगितलं, पण खाली बघून. नदीकाठी एक बाई असते, नैना. मुढे विणते. डाव्या हाताची दोन बोटं जुळलेली. तिला तीन वर्षांची मुलगी आहे. एक दिवस काठावर एक बोळकी म्हातारी येते, तिचं नाव माई. तिच्या पाठीवर तांदळाचं पोतं. नैना पोतं उतरवून घेते आणि पोरगी म्हातारीच्या पाठीवर चढवते. आठ वर्षांचा एक मुलगा हे बघतो, ओरडतो, मागे धावतो, पण कुणी त्याचं ऐकत नाही. तो मुलगा म्हणजे पुस्तकातला ‘मी’. शेवटी तो मोठा होतो, न्यूयॉर्कला जातो, आणि तिथं त्याला ती मुलगी भेटते. जिवंत. शिकलेली. दोघं गळ्यात पडून रडतात. तिथं पुस्तक संपतं.

दीदीचा हात थांबला नाही. तिनं एक फेरा पुरा केला, दोरी ओढून गाठ मारली.

“माई म्हातारी आहे त्यात?”

“हो, आई.”

“बोळकी?”

“हो.”

दीदी उठली आणि तिनं भात लावला.

जे झालं ते असं. ज्या साली आम्हाला देशाबाहेर काढलं, त्या साली ट्रकांनी आम्हाला नेपाळात माई नदीच्या काठी आणून ओतलं. माई नदीचं नाव. तिथं तापाची आणि जुलाबांची साथ आली आणि लहान मुलं जाऊ लागली. दीदीची तुलसा गेली ती दीदीच्या मांडीवर, मी वारा घालत होते तेव्हा. आमच्यात एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. पण माती कुणाची? एक वीत जमीन आमची नव्हती. दुसऱ्याच्या शेतात पोर कोण पुरू देणार? म्हणून सगळ्यांनी आपापली मुलं वाळूत ठेवली. आषाढात माई चढली आणि वाळूसकट सगळी मुलं घेऊन गेली. तेव्हापासून आमच्यात त्या मुलांना ‘मेली’ म्हणत नाहीत. माईला दिली म्हणतात. “तुझी थोरली कुठंय?” “माईला दिली.” एवढ्यावर बोलणं थांबतं, आणि विचारणारा पाणी देतो.

चुडे हे शब्द ऐकतच मोठा झाला. मी त्याला फोन लावला.

“सानीमा! किती दिवसांनी! वाचलंत पुस्तक?”

“चुडे, माई कोण?”

“कुठली माई?”

“तुझ्या पुस्तकातली. तांदूळवाली.”

तो हसला. पण हसू घशातलं होतं. “सानीमा, मी लहान होतो ना. ठुलीआमा म्हणायची, पोर माईला दिली. मला वाटायचं, असेल कुणी म्हातारी, मुलं घेऊन जाणारी. फार भ्यायचो मी. मलाही देईल असं वाटायचं.”

खोटं कशाला सांगू, माझं मन तिथं पाघळलं. आजारी आईचं पोर, कुडाशी कान लावून ऐकत असेल, भीत असेल. मी म्हटलं, “बरं, लहान होतास. आणि मोठा झाल्यावर?”

“मोठा झाल्यावर कळलं.”

“कळल्यावर लिहिलंस की लिहिल्यावर कळलं?”



“सानीमा, ती कादंबरी आहे. त्यात कल्पना असते.”

“कल्पना होती तर दीदीची बोटं कशाला घेतलीस? ती तरी सरळ करायचीस.”

“तपशील खरे लागतात.”

“नदीकाठी धावणारा तो आठ वर्षांचा कोण? तू तर जन्मलाही नव्हतास, मेल्या! तुझ्या आईबापाचं लग्नसुद्धा बेलडांगीत लागलं. मी खीर वाढली होती.”

“सानीमा, ऐका तर. ते प्रकरण बदलता येणार नाही. सगळे त्याच प्रकरणाला रडतात.”

मी फोन ठेवला. माझा राग तोवर नुसता राग होता. त्या वाक्यानं त्याला दात फुटले.

कारण इकडे रडणं वेगळं चाललं होतं. पुस्तक इथल्या शाळेत लावलं गेलं, मुलांनी घरी आणलं, घरोघर बाप आणि आया विचारू लागल्या, ही मुढेवाली कोण? सुनांना माई ठाऊक नव्हती, त्या दुसऱ्या छावण्यांतून आलेल्या. पण जुन्या बायका? एक दिवस देवळाच्या पायऱ्यांवर चपला घालताना धनमती म्हणाली, “त्या गर्दीत कुणी काय केलं, कुणी बघितलंय बाई? छापलंय म्हणजे काहीतरी असेल.” तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त पुराणाला दीदी बसायची तिथं तिच्या शेजारची सतरंजी रिकामी राहू लागली. एखादी बाई यायची, बघायची, आणि “इथं वारं लागतं गं” म्हणत पलीकडे बसायची. पंखासुद्धा नव्हता त्या बाजूला.

दीदी यायची बंद झाली. गुडघे दुखतात म्हणाली. छावणीत तापानं फणफणलेली असतानाही जिनं पुराण चुकवलं नाही, ती बाई घरात टीव्हीवर दुसऱ्याच कुणाचं तरी भजन लावून बसू लागली. ज्या माणसांपुढे दीदीची मान खाली गेली, त्याच माणसांपुढे चुडेची जावी, एवढंच मला हवं होतं. त्याहून कमी नको, आणि जास्त मिळालं तर नाही म्हणणार नव्हते.

मी टंकनाथ बाजेंकडे गेले. ते देवळाच्या मागच्या खोलीत पेटी पुसत होते. आमचं देऊळ म्हणजे पूर्वीचं गालिच्यांचं दुकान. त्या खोलीत अजून लोकरीचा वास येतो. मी सगळं सांगितलं.

“कौशिला, भागवत माणसं झोडायला नसतं.”

“मग हिरण्यकश्यपूला काय मांडीवर घेऊन गोंजारलं का, बाजे?”

“मांडीवरच घेतलं होतं.” बाजे दाढीतल्या दाढीत हसले. “पण तो राक्षस. हा आपला चुडे.”

“राक्षस परवडला. त्यानं स्वतःच्या पोराला छळलं. दुसऱ्याच्या आईला नाही.”

“सूड हवाय तुला.”

“हवाय.”

“आणि रोज पुढच्या रांगेत बसून क्षमेच्या निरूपणाला माना डोलावतेस.”

“डोलावते. चाल गोड असते तुमची.”

बाजेंनी पेटीचा भाता मिटला. त्या वाळूवर मंत्र म्हणायला तेच होते. तुलसाच्या वेळीही तेच.

“शिवी गाणार नाही मी,” ते म्हणाले. “माई गाईन. पुढचं तुझं तू बघ.”

चुडे आनंदानं तयार झाला. पुस्तक छापणाऱ्यांकडची एक बाई त्याच्याबरोबर येणार होती, फोटो काढायला. शाळेत पुस्तक लावणाऱ्या हॉलंडबाईही येणार होत्या. त्या स्वभावानं चांगल्या. आमच्या मुलांना शिकवणीचे पैसे न घेता शिकवतात. म्हटलं, येऊ देत. साक्षीदार जितके शहाणे तितके बरे.

अवघड होतं ते दीदीला आणणं.

“गुडघे,” ती म्हणाली.

“पुराण गुडघ्यांनी ऐकतात का? चल.”

“तो येणार आहे?”

“येणार आहे.”

तिनं टीव्ही बंद केला. काळ्या पडद्यात आम्ही दोघी दिसत होतो.

“कुठली साडी नेसू?” तिनं विचारलं.

शेवटच्या दिवशी दुपारी देऊळ भरून वाहत होतं. चुडे आला तो नवी नक्षीदार नेपाळी ढाका टोपी घालून. टोपीची घडीसुद्धा मोडली नव्हती. मीच त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. माळ घालताना इतकी गोड हसले की इंदिरानं मला कोपरानं ढोसलं. पाहुण्यांना त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या दिल्या, व्यासपीठाच्या बाजूला लोकांकडे वळवून, म्हणजे सगळ्यांना त्याचं तोंड दिसावं. दीदी खाली बायकांत बसली. तिच्या शेजारची सतरंजी रिकामीच होती. चुडेनं तिला बघून हात जोडले. तिनंही जोडले.

बाजेंनी आधी अध्याय पुरा केला. मग पेटी पुढे ओढली. बाजेंची एक रीत आहे. ते ओळ अर्धी गातात आणि सोडून देतात. उरलेली आम्ही बायकांनी पुरी करायची. ज्यांना पाठ नसते त्यासुद्धा करतात, कारण ते अशा जागी सोडतात की पुढे दुसरं काही येऊच शकत नाही.

“घर सुटलं, दार सुटलं, सुटली गोठ्याची गाय,” बाजेंनी सुरुवात केली, “काठावर आणून टाकलं आम्हां, पुढे वाहते माय…”

माना हलू लागल्या. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. बाजेंनी ट्रक गायले, ताप गायला, ओला पदर कपाळावर ठेवणाऱ्या बाया गायल्या. हॉलंडबाई चुडेकडे झुकून काहीतरी पुटपुटल्या. इंदिरा त्यांच्या मागेच बसली होती.

“काय विचारलं?” मी डोळ्यांनीच विचारलं.

“काय गातायत म्हणून. हा म्हणाला, नदीचं स्तोत्र आहे.”

“शेत परक्याचं, रान परक्याचं,” बाजे आता खालच्या पट्टीत आले, “वाळू तेवढी ओली, नैनकलेनं तुलसा आपली…”

आणि सोडलं.

 मागून कुठून तरी एक चिरका आवाज आला, मग आणखी एक, मग सगळ्या जणींचा मिळून एक:

“…माईला दिली.”

बाजे थांबले नाहीत. “पवित्रेनं लेक आपला…” “…माईला दिला.” “जसोदेनं जुळी आपली…” “…माईला दिली.” एकेक नाव घेत गेले. ज्या बाईचं नाव येई ती पदर तोंडाला लावी आणि तरी ओळ पुरी करी. सुना सासवांकडे बघत होत्या. पोरी आज्यांचे हात धरत होत्या. धनमती बसल्या जागेवरून सरकत सरकत आली आणि दीदीच्या शेजारच्या रिकाम्या सतरंजीवर बसली. दीदीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण सरकूनही बसली नाही.

मी बघत होते चुडेकडे. त्याच्या कपाळावर घाम होता. हॉलंडबाईंनी पुन्हा विचारलं, सगळे रडतायत का? तो म्हणाला, भाविक लोक आहेत. एवढं इंग्रजी मलाही समजलं.

पेटी थांबली. आता सत्कार. आमच्यात आधी टीका लावतात, मग शाल, मग भाषण. आणि ज्याच्या पोटात जिच्या हातचं अन्न जास्त गेलं असेल, तिची टीका पहिली. तिनं लावली नाही तर दुसरी कुणी लावत नाही. चुडेला हे सांगावं लागलं नाही. माझ्या हातातलं ताट बघून तो उठला, दीदीपुढे आला, गुडघे टेकून टोपी काढली आणि मान वाकवली. पुस्तकवाल्या बाईनं फोन वर धरला.

माझा बेत एवढाच होता की दीदी ताट माझ्याकडे परत देईल. बस. टीका न लावता परत आलेलं ताट सगळी वस्ती बघेल, आणि तो तसाच उठेल. मी दीदीला हे घरून निघताना समजावलंही होतं.

दीदीनं ताट हातात घेतलं. जुळलेली दोन बोटं दह्यात बुडवली. तांदूळ उचलले. हात चुडेच्या कपाळापर्यंत नेला. लावते की काय ही!

हात तिथंच थांबला.

“चुडे,” दीदी म्हणाली, “माझी तुलसा कुठंय?”

त्यानं मान वर केली.

“तुझ्या पुस्तकात ती जिवंत आहे म्हणे. न्यूयॉर्कला. तुला भेटली म्हणे.”

“ठुलीआमा…”

“केवढी झाली? माझ्यावर गेलीय की तिच्या बापावर? लग्न झालंय?” दीदीचा आवाज अगदी साधा होता, पाहुण्याला चहा विचारावा तसा. “मला नको भेटू देऊस, रागावली असेल. पण पत्ता दे. इंदिरा गाडीनं नेईल. मी लांबून बघीन.”

खरं सांगते, क्षणभर मलाच कळेना की दीदी टोमणा मारतेय की मागतेय. तिच्या बोटांवरून दही टपकत होतं आणि हात हलत नव्हता. माणसानं कितीही वर्षं माहीत असलेलं मरण, कुणी पुठ्ठ्यात बांधून जिवंत करून दिलं तर मनाचा एखादा कोपरा हात पुढे करतोच की काय, देव जाणे.

“ठुलीआमा, इथं नको,” चुडे हळूच म्हणाला.

“मग कुठं? पुस्तक सगळीकडे विकतायत.”

हॉलंडबाई पुढे आल्या होत्या. काय म्हणतायत त्या, त्यांनी विचारलं. चुडे इंग्रजीत म्हणाला, “एका पात्राबद्दल विचारतायत.”

“पात्र नाही,” इंदिरा उभी राहून इंग्रजीतच म्हणाली, आणि देवळातल्या झाडून सगळ्या पोरांना ते समजलं. “माझी थोरली बहीण.”

मग तिनं आमच्याकडे वळून आमच्या बोलीत सांगितलं, “मी यांना सांगणार नाही. हाच सांगेल. लिहिताना जमलं ना, आता बोलेल.”

“बोल रे!” मागून कुणीतरी पुरुष ओरडला.

“बोल की, मणीसाहेब!” दुसरा. “कादंबरीत तर फार धावलास!”

“न जन्मताच धावला तो,” धनमती म्हणाली. या बाईला लाज नाही, पण त्या वेळी मला ती गोड वाटली.

चुडे गुडघ्यांवरच होता. माळेतलं एक फूल त्याच्या हातात चुरगळलं होतं.

“तशी मुलगी नाही,” तो म्हणाला. “न्यूयॉर्कला कुणी नाही. ठुलीआमानं तिला कुणाला दिलं नाही. ती तापानं गेली. माई नदी आहे. मला माहीत होतं. मी रचलं.”

“त्यांना सांग,” दीदी हनुवटीनं पाहुण्यांकडे खूण करत म्हणाली.

त्यानं सांगितलं. इंग्रजीत ते फार थोडं भरलं. हॉलंडबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी दीदीकडे बघितलं, तिच्या बोटांकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली. त्या बोटांवर त्यांनी वर्गात प्रश्न घातले असणार. पुस्तकवाल्या बाईनं फोन खाली घेतला. हॉलंडबाई वाकून इंदिराला काहीतरी म्हणाल्या आणि इंदिरानं नुसती मान हलवली. काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही. माफी मागितली असेल तर ती त्यांची. माझं गिऱ्हाईक दुसरं होतं.

दीदीचा हात अजून वरच होता. चुडेनं पुन्हा मान वाकवली. ओळखीची मान. छावणीत भूक लागली की अशीच वाकवून तिच्या पुढ्यात बसायचा, आणि ती ओरडत ओरडत वाढायची. मला वाटलं, आता विरघळेल. मी मनात देवाला म्हटलं, एवढं तरी करू देऊ नकोस.

दीदीनं बोटांवरचे तांदूळ ताटात झटकले. उरलेलं दही पदराला पुसलं. ताट बाजूला, धनमतीच्या मांडीवर ठेवलं. धनमतीनं ते जसवंतीकडे दिलं, तिनं पुढे. आख्ख्या देवळातून ताट फिरलं, बायकांतून पुरुषांत, आणि एकही बोट दह्यात बुडालं नाही. शेवटी ते बाजेंपुढे आलं. क्षमेचं निरूपण करणाऱ्या माणसाकडे चुडेनं फार आशेनं पाहिलं. बाजेंनी ताट घेतलं आणि त्यातली टीका स्वतःच्या हातानं नेऊन भागवताच्या पोथीला लावली.

लोकांच्या कपाळांवर सकाळची टीका वाळली होती. त्या सगळ्या लाल कपाळांत त्याचं एकट्याचं कोरं कपाळ बाहेरच्या रस्त्यावरूनसुद्धा दिसलं असतं.

मला काय वाटलं म्हणाल तर बरं वाटलं. भागवताच्या सात दिवसांत कधी वाटलं नव्हतं इतकं बरं. उद्या बाजे विचारतील तेव्हा सांगीन की पश्चात्ताप शोधला, सापडला नाही.

तो टोपी घेऊन उठला आणि दाराकडे निघाला. कुणी वाट सोडत नव्हतं, कुणी अडवतही नव्हतं. तेवढ्यात दीदीनं मागून हाक मारली.

“कुठं निघालास?”

तो थांबला. वळला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

“पंगत मांडलीय,” दीदी मला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “वाढ त्याला. पुरी वाढ, खीर वाढ, पोटभर वाढ. उपाशी गेला तर तेही लिहील.”